संगणक माहिती प्रणालीची पदवी निवडताना : वाचकांचे प्रश्न

प्रवेशाचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच अभ्यासक्रमाविषयी होती, म्हणून हे संपूर्ण सदर संगणक माहिती प्रणाली या पदवीसाठी राखून ठेवले आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत. डेटाबेस (म्हणजे माहिती तक्त्यांत मांडून साठवण्याची व्यवस्था) आणि प्रणाली विश्लेषण (म्हणजे एखादे काम कसे चालते ते समजून घेऊन मांडणे) हे दोन विषय मी बरीच वर्षे शिकवले आहेत, त्यामुळे उत्तरे देताना माझा भर त्या दोन विषयांवर राहणार, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

प्रश्न : मला संगणकशास्त्र, माहिती तंत्रज्ञान आणि संगणक माहिती प्रणाली या तिन्ही पदव्यांना प्रवेश मिळण्याजोगे गुण आहेत. तिन्ही माहितीपत्रके मी शेजारी शेजारी ठेवून वाचली, पण पहिल्या दोन पानांवरचे शब्दसुद्धा जवळजवळ तेच आहेत. या तिन्हींत नेमका फरक काय? — एक विद्यार्थिनी

उत्तर : माहितीपत्रकाची पहिली पाने विद्यार्थ्यांना ओढून घेण्यासाठी लिहिलेली असतात, त्यामुळे तुमचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. एकच उदाहरण तिन्ही बाजूंनी पाहू. एखाद्या मोठ्या ग्रंथालयाचे काम संगणकावर आणायचे आहे असे समजा. लाखो पुस्तकांमधून हवे ते पुस्तक क्षणार्धात सापडावे यासाठी शोधण्याची रीत कोणती असावी, आणि पुस्तकांची संख्या दसपट झाली तर तीच रीत किती मंदावेल, हा प्रश्न संगणकशास्त्राचा आहे. सर्व्हर बंद पडू नये, शाखांमधली जोडणी टिकावी, रात्री घेतलेला बॅकअप वेळ आल्यावर खरोखर परत उघडता यावा, ही काळजी माहिती तंत्रज्ञानाची. माहिती प्रणालीचा विद्यार्थी मात्र आधी देवघेवीच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहतो. पुस्तक परत आले की कर्मचारी कोणत्या क्रमाने काय करतो, फाटलेले पुस्तक आले तर त्याची नोंद कुठे होते, दंड माफ करण्याचा अधिकार कोणाला आहे, वर्षाअखेर ग्रंथपालांना कोणते आकडे लागतात आणि ते आज कुठून काढले जातात, हे तो विचारतो. मिळालेल्या उत्तरांवरून कोणती माहिती साठवायची, ती कोणी पाहायची आणि कोणी बदलायची, याचा आराखडा तो तयार करतो. प्रोग्राम त्यानंतर येतो. कधी तो स्वतः लिहावा लागतो, तर कधी तयार मिळणारा विकत घेऊन आपल्या कामाला बेतून घ्यावा लागतो.

ही शाखा कालपरवाची नव्हे. ब्रिटनमध्ये उपाहारगृहे आणि बेकरी चालवणाऱ्या जे. लायन्स अँड कंपनीने स्वतःसाठी ‘लिओ’ नावाचा संगणक बांधला आणि १९५१ मध्ये बेकरीच्या उत्पादनाचा हिशेब त्यावर चालवायला सुरुवात केली. व्यवसायाचे रोजचे काम करणारा तो जगातला पहिला संगणक मानला जातो. या गोष्टीतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग असा की, कचेरीत कागद कुठून येतो, कोणाच्या टेबलावर थांबतो आणि त्याचे पुढे काय होते, याचा पद्धतशीर अभ्यास त्या कंपनीत संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून होत होता. संगणक आला तेव्हा त्याला कोणते काम सांगायचे, हे त्यांना ठाऊक होते.

हे ठाऊक नसले तर काय होते, याचे उदाहरण म्हणून मी वर्गात लंडनच्या रुग्णवाहिका सेवेची हकिकत सांगत असे. तोवर दूरध्वनीवर आलेली माहिती कागदावर उतरवून, नकाशा पाहून, अनुभवी कर्मचारी गाड्या पाठवत. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी हे काम एकाच दिवसात संपूर्णपणे संगणकाकडे सोपवले गेले. कोणती गाडी कुठे आहे आणि मोकळी आहे की नाही, ही माहिती प्रणालीपर्यंत नेहमी अचूक पोहोचेल असे आराखड्यात धरलेले होते. प्रत्यक्षात गाडीतले कर्मचारी घाईत वेगळेच बटण दाबत, कधी संदेश पोहोचत नसे, कधी एका गाडीऐवजी जवळची दुसरीच गाडी निघून जाई. प्रणालीला गाड्यांचा ठावठिकाणा चुकीचा कळू लागला, त्यामुळे ती चुकीच्या गाड्या पाठवू लागली, सूचनांची रांग पडद्यावरून वर सरकून दिसेनाशी झाली आणि मदतीची वाट पाहणारे लोक पुन्हा पुन्हा दूरध्वनी करू लागल्याने भार आणखी वाढला. दुसऱ्या दिवशी अर्धवट जुन्या पद्धतीकडे परतावे लागले. ४ नोव्हेंबरला पहाटे यंत्रणा पूर्णपणे थांबली, त्यामागे मात्र वेगळे कारण होते : प्रोग्राममध्ये राहून गेलेल्या एका लहानशा तुकड्यामुळे प्रत्येक गाडी पाठवताना सर्व्हरची थोडी मेमरी अडकून राहत होती आणि शेवटी ती संपली. ती दुसरी चूक चांगल्या प्रोग्रामरला सापडली असती. पहिल्या दिवसाचा गोंधळ टाळायचा असता, तर आराखडा करणाऱ्याने आधी काही रात्री गाडीत आणि नियंत्रण कक्षात काढायला हव्या होत्या, आणि असे जाऊन पाहण्याचे, विचारण्याचे व ते नीट मांडण्याचे शिक्षण या पदवीत मिळायला हवे.

तुमच्यापुरते सांगायचे तर, एखादे कोडे सोडवताना ‘याहून कमी पायऱ्यांत होईल का’ असे तुमच्या मनात येत असेल, तर संगणकशास्त्राकडे जा. एखाद्या कचेरीत रांगेत उभे असताना ‘हा अर्ज तीनदा का लिहून घेतात’ असा प्रश्न तुम्हाला सतावत असेल, तर माहिती प्रणाली तुम्हाला मानवेल. नावावर मात्र विसंबू नका. हाच अभ्यासक्रम कुठे व्यवस्थापन माहिती प्रणाली, कुठे व्यवसाय माहिती प्रणाली, तर कुठे नुसते इन्फर्मेटिक्स या नावाने चालतो, आणि उलट, याच नावाखाली संगणकशास्त्राचाच थोडा सौम्य अभ्यासक्रम दिलेलाही आढळतो.

प्रश्न : दोन महाविद्यालयांपैकी एक निवडायचे आहे. एकाची इमारत आणि प्रयोगशाळा नव्या आहेत, आणि जवळजवळ सर्व विद्यार्थ्यांना नोकरी लागते असे ते सांगतात. दुसरे जुने आहे, साधे आहे, पण तिथले माजी विद्यार्थी शिक्षकांविषयी आदराने बोलतात. वडिलांचा कल पहिल्याकडे आहे, माझा ठरत नाही. आम्ही कशावरून ठरवावे? — एक विद्यार्थी

उत्तर : तुम्ही आणि तुमचे वडील दोन्हीकडे जाऊन या, पण निर्णय घेण्याआधी दोन्ही ठिकाणांहून सत्रवार विषययादी आणि निदान तीन विषयांचा तपशीलवार पाठ्यक्रम मागवा : प्रोग्रामिंगचा पहिला विषय, डेटाबेस, आणि प्रणाली विश्लेषण व आराखडा. हे कागद द्यायला जे महाविद्यालय टाळाटाळ करील, त्याच्याविषयी माझे मत तिथेच प्रतिकूल होते.

विषययादीत पहिल्यांदा क्रम पाहावा. प्रोग्रामिंग, मग डेटाबेस, मग विश्लेषण व आराखडा आणि शेवटी प्रकल्प, असा तो चढत गेलेला असावा. डेटाबेस जर प्रकल्पाच्याच सत्रात शिकवला जात असेल, तर विद्यार्थी प्रकल्पाचे तक्ते कशाच्या आधारावर मांडणार? त्याचप्रमाणे विश्लेषणाचा विषय अगदी पहिल्याच सत्रात ठेवलेला असेल, तर ज्याने अजून काहीही बांधलेले नाही त्याला आकृत्या पाठ करण्यापलीकडे काही करता येत नाही.

त्यानंतर दोन पारडी तोलावीत. अमेरिकेतील एबेट ही संस्था या पदवीला मानांकन देताना संगणकाच्या विषयांचे किमान ३० श्रेयांक आणि ज्या क्षेत्रात ही प्रणाली वापरली जाणार त्या क्षेत्राच्या विषयांचे किमान १५ श्रेयांक असावेत अशी अट घालते. शिवाय संख्याशास्त्रही मागते. आठवड्याला एक तास असे सत्रभर शिकवले की साधारण एक श्रेयांक होतो. तुमची महाविद्यालये त्या संस्थेच्या कक्षेत नसतील, तरी मोजपट्टी म्हणून हे प्रमाण उपयोगी पडते. संगणकाचे विषय जेमतेम चार आणि बाकी सारे व्यवस्थापनाचे सिद्धान्त, किंवा सारेच विषय संगणकाचे आणि हिशेब, संघटना, व्यवहार यांचा कुठे मागमूस नाही, अशी यादी दिसली तर ती पदवी आपल्या नावाला जागत नाही असे समजावे.

आता प्रकल्पाकडे या, कारण मला सर्वांत जास्त भरवसा त्याच्यावर वाटतो. मागच्या दोन वर्षांत शेवटच्या वर्गाने कोणते प्रकल्प केले आणि ते कोणासाठी केले, हे विचारा. ‘कोणासाठी’ या शब्दावर जोर द्या. आमच्या वर्गातील तीन मुलांनी एका दवाखान्यासाठी रुग्णांच्या वेळा ठरवण्याची प्रणाली करायला घेतली होती. प्रत्येक रुग्णाला वेगळे ओळखण्यासाठी त्यांनी दूरध्वनी क्रमांक ही खूण धरली, कारण क्रमांक दोघांचा सारखा नसतो, असे त्यांचे म्हणणे होते. वर्गात ते सर्वांना पटले. मीही हरकत घेतली नाही. मग ती मुले आराखडा घेऊन दवाखान्यात गेली. तिथे नोंदी ठेवणाऱ्या बाईंनी काही न बोलता आपली वही उघडली आणि एका पानावर बोट ठेवले. एकाच क्रमांकासमोर आजी, सून आणि तीन नातवंडे अशी पाच नावे होती, आणि त्याखालच्या ओळीत एका वृद्ध गृहस्थांच्या नावापुढे क्रमांकाची जागा रिकामी होती, कारण त्यांच्याकडे दूरध्वनीच नव्हता. मुलांना सगळे तक्ते नव्याने मांडावे लागले आणि त्यात दोन आठवडे गेले. त्या दोन आठवड्यांत ती जे शिकली ते माझ्या एका सत्राच्या व्याख्यानांत मला शिकवता आले नव्हते. काल्पनिक ग्राहकासाठी, चार भिंतींच्या आत केलेल्या प्रकल्पात ही वही कधीच समोर येत नाही. म्हणून ज्या महाविद्यालयात प्रकल्प खऱ्या संस्थेसाठी केला जातो आणि त्या संस्थेच्या माणसाला गुणांकनात मत असते, त्याला मी झुकते माप देईन.

नोकरीच्या आकड्यांविषयी थोडक्यात. टक्केवारी सांगितली की ती कितीजणांपैकी, हे विचारा. वर्गातील सर्वांपैकी, की नोकरीसाठी नाव नोंदवलेल्यांपैकी, की परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांपैकी? त्यांतील किती कामे या शाखेशी संबंधित होती? पहिल्या वर्षाला जितके विद्यार्थी आले त्यांतील किती शेवटपर्यंत टिकले, हा आकडा फारसा कोणी आपणहून सांगत नाही. तो मागून घ्यावा. आणि माजी विद्यार्थी शिक्षकांविषयी आदराने बोलतात असे तुम्ही लिहिले आहे, त्याला तुम्ही स्वतः देत आहात त्याहून अधिक वजन द्या. प्रयोगशाळा नवी असणे चांगलेच, पण या अभ्यासक्रमाला लागणारी बहुतेक साधने साध्या संगणकावर आणि विनामूल्य चालतात.

प्रश्न : माझे गणित कच्चे आहे आणि प्रोग्रामिंगची मला भीती वाटते. संगणकाच्या इतर पदव्यांपेक्षा या पदवीत हे दोन्ही कमी असते असे ऐकले. मग हीच निवडणे शहाणपणाचे नाही का? — एक विद्यार्थी

उत्तर : ऐकले ते अर्धे खरे आहे. कलनासारखे गणित या पदवीत सहसा कमी असते, पण संख्याशास्त्र चुकत नाही, आणि तर्कशास्त्र व संच यांची ओळख नसेल तर डेटाबेसचा विषय जड जातो. डेटाबेसची आजची मांडणी एडगर कॉड यांच्या १९७० च्या शोधनिबंधावर उभी आहे, आणि कॉड यांनी ती संच व संबंध यांच्या गणितातूनच उभी केली. हे गणित अवघड आहे असे नाही. पण ते टाळून पुढे जाता येत नाही.

प्रोग्रामिंगबाबत या शाखेतील जाणकारांमध्येच दीर्घकाळ वाद होता. माहिती प्रणालीच्या पदवीसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर जे नमुना अभ्यासक्रम वेळोवेळी ठरवले जातात, त्यांपैकी २०१० च्या आराखड्यात प्रोग्रामिंग अनिवार्य गाभ्यातून काढून ऐच्छिक करण्यात आले होते. २०२० च्या आराखड्यात ते पुन्हा अनिवार्य झाले, आणि सुरक्षिततेलाही गाभ्यात स्थान मिळाले. हा बदल मला योग्य वाटतो. प्रोग्राम कसा बनतो हे ज्याने हाताने करून पाहिलेले नाही, त्याला ‘हे काम दोन दिवसांचे आहे की दोन महिन्यांचे’ याचा अंदाज येत नाही, आणि ज्यांच्याकडून काम करून घ्यायचे ते प्रोग्रामर हे लगेच ओळखतात.

भीती आणि नावड या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. भीती सरावाने जाते. एखादी सोपी भाषा घेऊन महिनाभर रोज तासभर काम करून पाहा. चूक सापडेपर्यंत उठावेसे वाटत नसेल तर निश्चिंत मनाने प्रवेश घ्या. महिनाभरानंतरही तो तास नकोसा वाटत असेल, तर ‘कमी प्रोग्रामिंग’ या आशेवर ही पदवी घेऊ नका, कारण दुसऱ्या वर्षात ते कमी वाटणार नाही.

प्रश्न : माझ्या मुलीला पुढे परदेशात उच्च शिक्षण घ्यायचे आहे. महाविद्यालय ‘आंतरराष्ट्रीय मानांकनप्राप्त’ असल्याचे सांगते. यावर कितपत भरवसा ठेवावा? — एक आई

उत्तर : मानांकन कोणाला मिळाले आहे, ते आधी पाहा. संपूर्ण संस्थेला मिळालेले मानांकन निराळे आणि या एका पदवीला मिळालेले निराळे. जाहिरातीत हे दोन्ही सर्रास एक केले जातात. व्यवसाय शिक्षणाच्या विभागात ही पदवी दिली जात असेल, तर त्या विभागाला एएसीएसबी या संस्थेचे मानांकन असू शकते, आणि ते प्रतिष्ठेचे असले तरी संगणकाच्या विषयांची स्वतंत्र तपासणी त्यात झालेली नसते. संगणकविषयक पदव्यांना देशोदेशींच्या मानांकन संस्थांनी परस्पर मान्यता द्यावी यासाठी २००८ मध्ये सोल करार झाला. पदवीला मानांकन देणारी संस्था या कराराची पूर्ण सदस्य आहे का, हे कन्येच्या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरचे चिन्ह पुरावा मानू नका; मानांकन देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत पदवीचे पूर्ण नाव आणि मानांकनाची मुदत शोधा. त्याखेरीज, मुलीच्या मनात जी परदेशी विद्यापीठे असतील, त्यांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी कोणते विषय पदवीला झालेले असावे लागतात, ते आजच पाहून ठेवा. बऱ्याचदा अडथळा मानांकनाचा नसून एखाद्या न घेतलेल्या गणिताच्या किंवा संख्याशास्त्राच्या विषयाचा असतो, आणि तो विषय पदवीच्या काळात ऐच्छिक म्हणून सहज घेता आला असता, असे नंतर लक्षात येते.

प्रश्न : आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सांगाल तो प्रोग्राम लिहून देतात. चार वर्षांनी मी बाहेर पडेन तेव्हा या पदवीला काही किंमत उरेल का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : ही चिंता या वर्षी अनेक पत्रांत आहे आणि ती खरी आहे, म्हणून गोड बोलून तिची बोळवण करणार नाही. साचेबद्ध प्रोग्राम लिहिण्याचे काम ही साधने करू लागली आहेत, आणि केवळ तेवढेच शिकवणारा अभ्यासक्रम आज निवडू नये असे मला वाटते. परंतु वर सांगितलेल्या दवाखान्याचे उदाहरण पुन्हा आठवा. त्या मुलांनी साधनाला ‘दूरध्वनी क्रमांकावरून रुग्ण ओळखणारी प्रणाली लिहून दे’ असे सांगितले असते, तर त्याने ती बिनचूक लिहून दिली असती. बाईंची वही त्याने पाहिलेली नव्हती. काय हवे आहे ते शोधून काढणे, ते संदिग्धता न ठेवता मांडणे, मिळालेले काम त्याप्रमाणे आहे का हे पडताळणे, आणि लोकांची खासगी माहिती कुठवर जाऊ द्यायची याची जबाबदारी घेणे, ही कामे कोणा माणसालाच अंगावर घ्यावी लागतात, आणि हीच या पदवीच्या मध्यभागी असायला हवीत.

म्हणून निवड करताना तीन गोष्टी विचारा. ही साधने वर्गात कुठे वापरू देतात आणि कुठे नाही, याचा लेखी नियम आहे का? सादर केलेला प्रोग्राम विद्यार्थ्याला समोर बसवून, ओळ न् ओळ विचारून तपासला जातो का? आणि चाचणी, तसेच माहितीची सुरक्षितता व गोपनीयता, हे विषय स्वतंत्रपणे शिकवले जातात, की इतर विषयांच्या शेवटच्या प्रकरणात उरकले जातात? सरसकट बंदी घालणारे महाविद्यालय आणि सरसकट मोकळीक देणारे महाविद्यालय, या दोहोंविषयीही मी सावध राहीन. समोर बसवून विचारणे हे शिक्षकाला कष्टाचे असते. जिथे ते होते, तिथे वर्ग लहान आणि शिक्षक पुरेसे आहेत असा अंदाज बांधायला हरकत नाही.

प्रश्न : मी बारा वर्षे लेखा विभागात काम करतो. कार्यालयात नवी प्रणाली आली तेव्हा विक्रेत्याच्या माणसांना आमचे काम समजावून देणे माझ्याकडे आले, आणि ते काम मला मनापासून आवडले. नोकरी सांभाळून ही पदवी घ्यावी का? वय आड येईल का? — एक वाचक

उत्तर : तुमचे पत्र वाचून आनंद झाला, कारण विक्रेत्याच्या माणसांना काम समजावून देताना तुम्ही जे केले, त्यालाच आमच्याकडे प्रणाली विश्लेषण म्हणतात. नावे नंतर कळतील. जमा-नावे, ताळेबंद, मंजुरीची उतरंड, वर्षाअखेरीची धावपळ हे सारे तुमच्या अंगवळणी पडलेले आहे. एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला ते पुस्तकातून शिकावे लागते आणि पुष्कळदा ते त्याच्या पचनी पडत नाही. वय आड येणार नाही. वेळ येईल.

त्यामुळे अर्धवेळ किंवा दूरस्थ अभ्यासक्रम पाहताना पुढील गोष्टी लेखी विचारून घ्या. पूर्वीच्या पदवीचे श्रेयांक धरले जातात का आणि किती? प्रत्यक्ष परीक्षा कोणत्या दिवशी, किती वेळा? गटाने करायचे प्रकल्प असतील तर नोकरदारांचे वेगळे गट करतात का? मी असे पाहिले आहे की नोकरी करणारे विद्यार्थी विषय अवघड म्हणून सोडत नाहीत. गटातील बाकीचे दुपारी भेटतात आणि यांना येता येत नाही, एवढ्याशा कारणाने मागे पडतात. एका सत्रात दोनच विषय घ्या, आणि त्यांपैकी प्रोग्रामिंगचा एकच असू द्या. शेवटचा प्रकल्प स्वतःच्या कार्यालयासाठी करण्याचा मोह होईल. जरूर करा, पण वरिष्ठांची लेखी परवानगी घेऊन, आणि खऱ्या ग्राहकांच्या नोंदी महाविद्यालयाच्या संगणकावर न नेता. बनावट नोंदी तयार करून त्यांच्यावर काम करणे हाही अभ्यासाचाच भाग आहे.

तुम्हाला पदवीच हवी की काही निवडक विषय पुरेसे आहेत, याचाही शांतपणे विचार करा. सध्याच्या संस्थेतच या कामाकडे सरकायचे असेल, तर डेटाबेस, विश्लेषण आणि प्रकल्प व्यवस्थापन या तीन विषयांचे प्रमाणपत्र कदाचित पुरेल. संस्था बदलायची असेल तर पदवीचा उपयोग होईल.

प्रश्न : या पदवीसाठी कोणता लॅपटॉप घ्यावा, आणि एखाद्या कंपनीचे प्रमाणपत्र सोबत घेणे गरजेचे आहे का? — एक विद्यार्थी

उत्तर : लॅपटॉप पहिल्या सत्राआधी घेऊ नका, विभाग काय वापरतो ते कळले की घ्या. कंपन्यांची प्रमाणपत्रे त्या त्या उत्पादनापुरती उपयोगी असतात आणि उत्पादने बदलतात, तेव्हा ती शेवटच्या वर्षात, ज्या कामाकडे जायचे ते नक्की झाल्यावर घ्यावीत.

प्रश्न : माझा प्रवेश निश्चित झाला आहे आणि वर्ग सुरू व्हायला दोन महिने आहेत. या काळात काय वाचावे? — एक विद्यार्थिनी

उत्तर : वाचण्याऐवजी एक गोष्ट करून पाहा. ओळखीपाळखीच्या लोकांना तुम्ही वाचायला दिलेल्या पुस्तकांची नोंदवही एका स्प्रेडशीटमध्ये करा. पुस्तकाचे नाव, लेखक, नेणाऱ्याचे नाव, त्याचा दूरध्वनी क्रमांक, नेल्याची तारीख आणि परत आल्याची तारीख, असे सहा रकाने करून वीस-पंचवीस ओळी भरा. एकच मैत्रीण चार वेळा पुस्तक घेऊन गेली असेल, तर तिचा क्रमांक चार ठिकाणी लिहिलेला दिसेल. आता तिचा क्रमांक बदलला असे समजा, तीन ठिकाणी दुरुस्त करा आणि चौथी ओळ मुद्दाम तशीच सोडून द्या. महिन्याभराने ती वही पाहणाऱ्याला खरा क्रमांक कोणता हे कसे कळेल? मग तीच माहिती तीन वेगळ्या पानांवर लिहून बघा : एकावर फक्त माणसे, दुसऱ्यावर फक्त पुस्तके, आणि तिसऱ्यावर कोणी कोणते पुस्तक केव्हा नेले एवढेच, तेही माणसाला आणि पुस्तकाला दिलेल्या क्रमांकांनी. मैत्रिणीचा दूरध्वनी क्रमांक आता एकाच ठिकाणी राहील. डेटाबेसच्या वर्गात याला नॉर्मलायझेशन म्हणतात आणि तेव्हा ते तुम्हाला परके वाटणार नाही.

एवढे जमले की तुमच्याकडे एकाच पुस्तकाच्या दोन प्रती आहेत असे धरा. एक प्रत मैत्रिणीकडे आहे, दुसरी घरात आहे, आणि घरातल्या प्रतीची काही पाने सुटी झाली आहेत. ती नोंद पुस्तकांच्या पानावर करायची की आणखी चौथे पान लागेल, हे स्वतःच ठरवून पाहा, ठरवण्यामागचे कारण दोन ओळींत लिहून ठेवा, आणि डेटाबेसचा पहिला तास झाला की तो कागद शिक्षकांना दाखवा.